उजेडात पांढरा, उष्णतेत काळा

सरांनी माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या कपाळावर बंदूक रोखली, तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. कार्यक्रम माझ्याच बघण्याचा होता. सर म्हणजे माझे अकरावी-बारावीचे फिजिक्सचे सर. संगमनेरात आमच्याच गल्लीत राहायचे, रिटायर झालेले. आपल्या बाजूने एखादा शिकलासवरलेला माणूस बैठकीत असावा म्हणून बाबांनी त्यांना बोलावलं होतं. बाबा आयुष्यात इतके कधी चुकले नसतील.

झालं असं, की सासूबाई माझ्याकडे बघून शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय, पन सावळी हाय." हळूच म्हणाल्या, पण त्यांचं हळूच म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. बाबांचा चेहरा पडला. सर मात्र खुर्चीतून असे उठले, जणू कुणीतरी त्यांना आवडता प्रश्न विचारलाय.

"ताई, सावळी उजेडात! उष्णतेत बघितलंय का?" असं म्हणून त्यांनी कंबरेची बंदूक काढली. स्पर्श न करता तापमान सांगणारी ती बंदूक तोवर कोरोनामुळे सगळ्यांच्या ओळखीची झाली होती, म्हणून निभावलं. आधी सासूबाईंचं कपाळ, मग माझं, मग मुलाचं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. "बघा! गोरी असो, काळी असो, माणसाची कातडी उष्णतेत काळीकुट्ट! शंभरातले अठ्ठ्याण्णव मार्क! मुलगी जवळजवळ आदर्श आहे, ताई! आणि तुम्हीसुद्धा!"

मुलाला हसताना पोह्यांचा ठसका लागला. तो डोळे पुसत माझ्याकडे बघून पुन्हा हसला, आणि मी तिथल्या तिथे ठरवलं, की हाच. सासूबाईंनी मात्र निघताना चपला घालता घालता विचारलं, "ह्यो येडा मास्तर तुमचा कोन लागतो?" लग्न झालं. त्या नावात मात्र पुढे कित्येक दिवस बदल झाला नाही.

सर येडे होते का? होते! मी कशाला लपवू? शर्टाच्या डाव्या खिशात पेन असावं तिथे काळ्या चिकटपट्टीचं रीळ, वायरमन वापरतात ते. कंबरेला मोबाईलच्या जुन्या कव्हरला चांभाराकडून टाके घालून केलेली पिशवी, तिच्यात बंदूक. त्यांच्या घरी चहाला गेलं, की स्टीलच्या किटलीला काळ्या पट्टीचा एक तुकडा चिकटवलेला असायचा. आधी ते नुसत्या स्टीलवर बंदूक धरायचे, आकडा यायचा बत्तीस. मग पट्टीवर धरायचे, आकडा ऐंशीच्या पुढे. "अगं, बघितलंस? एकच किटली! एकच चहा!" आणि आनंदाने मांडीवर थाप. हे मी किमान शंभरदा पाहिलं असेल, आणि शंभराव्या वेळीही त्यांना ते नवीनच असायचं. चहा मात्र तोवर खरंच बत्तीसवर यायचा.

काकूंनी या माणसाबरोबर संसार कसा केला, हा वेगळाच विषय. मागच्या अंगणात त्यांचा तांब्याचा बंब होता. काकूंना तो चिंचेने घासून लखलखीत करायला आवडायचा आणि सरांना त्यावर काजळी हवी असायची. शेवटी तह झाला. बंबाच्या मधोमध एक उभी रेघ, डावी बाजू काकूंची, लखलखीत, उजवी सरांची, काळीभोर. आलेल्या पाहुण्याला आंघोळीचं पाणी मिळो न मिळो, दोन्ही बाजूंना गाल जवळ नेऊन दाखवावा लागायचा. काळ्या बाजूजवळ गाल भाजायचा, लखलखीत बाजूजवळ काहीच नाही. पाणी आत तेच. "तुमच्या काकूंची बाजू मनातलं बोलत नाही," सर म्हणायचे, आणि आतून काकूंचा आवाज यायचा, "बोलू लागले तर पळाल!"

वर्गातही ते असेच. फळ्यावर "आदर्श कृष्णवस्तू" असं लिहायचे आणि लगेच खोडायचे. "ही पुस्तकात राहते. आपल्या गावात राहतो तो पत्रा, तांब्या, तवा आणि भिंत. त्यांचं काय ते बोला." मग सांगायचे, की तापलेली प्रत्येक वस्तू अंगातून उष्णता बाहेर फेकत असते. तितक्या तापमानाला जेवढी फेकणं शक्य आहे तेवढी सगळी फेकते ती आदर्श, तिला एक मार्क. बाकी सगळ्यांना शून्य ते एकच्या मधले मार्क. त्या मार्कांना पुस्तकात उत्सर्जकता म्हणत. सर म्हणत प्रगतिपुस्तक. काजळी पहिली, वीट पास, घासलेला तांब्या नापास. "नापास झाला म्हणून थंड आहे असं समजू नका! आतून तो तेवढाच तापलेला आहे. किती तापला हे वेगळं, आणि किती सांगतो हे वेगळं."

एक दिवस त्यांनी चौकोनी पत्र्याचा तेलाचा डबा आणला. एक बाजू काजळीने काळी, एक चुन्याने पांढरी, एक गंजलेली, एक चकचकीत. आत उकळतं पाणी. मला वादाची हौस फार. मी उठून म्हटलं, "सर, पांढरी बाजू काळीपेक्षा कमीच भाजणार, यात विचारायचं काय?" सरांचे डोळे चमकले. मला पुढे बोलावलं, डोळे मिटायला लावले आणि डबा गालाजवळ फिरवला. चकचकीत बाजू मी बरोबर ओळखली, ती गारच लागत होती. पण काळी कोणती आणि पांढरी कोणती, ते मला सांगता येईना! दोन्ही सारख्याच भाजत होत्या. मी पुन्हा फिरवायला लावला, तिसऱ्यांदा लावला. वर्ग हसतोय, माझा गाल लाल झालाय, आणि मी डबा सोडायला तयार नाही! आपण डोळ्यांनी बघतो ते जग एक, आणि त्याच्याखाली दुसरंच एक जग आहे, तिथे चुना आणि काजळी सख्ख्या बहिणी आहेत. "चुना उजेडात पांढरा, उष्णतेत काळा!" सर ओरडले. "ऊन आलं तर परत पाठवतो आणि स्वतःची उष्णता मात्र भडाभडा ओकतो. याच्यासारखा भला माणूस नाही!"

त्यांच्यात एक वाईट खोड होती, तीही सांगते. ते वाक्य पुरं करत नसत. उत्साह इतका, की एक वाक्य अर्ध्यावर असताना त्यांना पुढचं दिसायचं आणि ते तिकडे पळायचे. फोनवर तर फारच. आपण "हो सर, पण..." म्हणेपर्यंत फोन बंद. एकदा सराफाच्या दुकानात शिरून "हलू नका, सोनं बघायचंय" म्हणत त्यांनी बंदूक काढली. "सोनं किती कमी उष्णता सोडतं ते" हा उरलेला भाग त्यांच्या मनातच राहिला. सराफाने दोन्ही हात वर केले. काकूंना जाऊन सोडवून आणावं लागलं.

या खोडीने एकदा माझा जीव टांगणीला लावला, म्हणून तर हे सगळं लिहायला बसले.

माझं सासर पठारावर. उन्हाळ्यात तिथे सावलीसुद्धा तापते. लग्नानंतर मी हट्टच धरला, की आपण पोल्ट्री करायची. नवरा तयार होता. सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने आत्याबाई, अजिबात तयार नव्हत्या. "कोंबड्याचं काय खरं अस्तंय? ऊन लागलं की मान टाकत्यात. आन् तू शिकल्याली, तुला काय जमायचं?" महिनाभर धुसफूस चालली, मग त्या म्हणाल्या, "एक बॅच बघू. एकच. न्हाई जमली तर त्या शेडमंदी मी म्हशी बांधनार." आत्याबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. म्हशींसाठी त्यांनी दावणीची जागासुद्धा पावलं टाकून बघून ठेवली होती.

शेड उभं राहिलं, कोरा करकरीत पत्रा चढला. सरांनी लग्नात मला अहेर म्हणून त्यांच्यासारखीच एक बंदूक दिली होती, ती मी हौसेने आतून पत्र्यावर धरली. छत्तीस! आत्याबाईंनाही दाखवलं, त्यांनीही मान हलवली. मी सरांना फोन केला, "सर, पत्रा एकदम गार आहे!" सर हसत सुटले. "अगं, तो खोटं बोलतोय! तो स्वतःचं सांगतच नाही, खालच्या जमिनीचं तुला परत पाठवतोय! चुना लावा पत्र्याला, दोन हात लावा, आणि मग..." फोन बंद.

आता आमच्याकडे पोल्ट्रीला चुना म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. पिल्लं यायच्या आधी शेड आतून चुन्याने पोतारतात, रोगराई नको म्हणून. दरवेळी, सगळे, आतूनच. त्यामुळे सरांचा निरोप मी नवऱ्याला सांगितला, नवऱ्याने गड्यांना सांगितला, आणि गड्यांनी भिंतींबरोबर पत्राही पोतारला. आतून. दोन हात. अगदी मन लावून, शिडी लावून, एक कोपरा सोडला नाही. शेड आतून इतकं पांढरंशुभ्र दिसायला लागलं, की आत्याबाईसुद्धा दोन मिनिटं बघत राहिल्या.

पिल्लं आली, वाढली. धंद्यात कोंबडी कुणी म्हणत नाही, पक्षी म्हणतात. पक्षी अंगाने भरले, आणि नेमकं तेव्हाच ऊन चढलं. त्या दिवशी सकाळी दहालाच पक्षी चोची उघडून धापा टाकायला लागले. पंख अंगापासून सुटलेले, खाद्याकडे कुणी बघेना. आम्ही बाजूंना ओली गोणपाटं टांगली, पाण्यात गूळ कालवला. तरी कोपऱ्यात काही पक्ष्यांनी माना टाकल्याच. मी बंदूक काढून पत्र्यावर धरली.

अठ्ठावन्न.

आत्याबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. "छत्तीस हुता," त्या म्हणाल्या. "चुना लावायच्या आदी छत्तीस हुता, माज्या डोळ्यानं बगितलाय. चुन्यानं तापवला पत्रा! त्या येड्या मास्तरानं बुडवलं आपल्याला!"

मला रडू फुटलं. मी फोन लावला, "सर, पत्रा अठ्ठावन्न! पक्षी मरतायत!" त्यावर "आलो!" आणि फोन बंद. यावेळी मात्र पुढचं वाक्य स्कूटरवरून आलं. इतक्या उन्हात, घाट चढून, डोक्याला ओला टॉवेल बांधून सर हजर. पायातल्या दोन चपला दोन जोड्यांतल्या.

शेडमध्ये शिरले, वर बंदूक धरली, आणि आनंदाने ओरडले, "बोलला! खरं बोलायला लागला पत्रा!" त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला, की बंदूक हिसकावून शेताकडे भिरकावून द्यावी. माझे पक्षी मरतायत आणि या माणसाला आकड्याचा आनंद! मग त्यांनी खाली बघितलं. उघड्या चोची बघितल्या. चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं. बाहेर जाऊन त्यांनी छपराकडे बघितलं. वरून कोरा पत्रा उन्हात लखलखत होता.

"अगं, वरून कुठाय चुना?"

"सर, शेडला चुना आतूनच लावतात."

"मी वरून म्हणालो नव्हतो?"

"नाही, सर."

त्यांनी बंदूक पिशवीत ठेवली. "मग चूक माझी," ते म्हणाले. "पत्रा पहिल्या दिवसापासून तापत होता. नुसता असता तर निदान त्यातली थोडीच उष्णता खाली सोडली असती. मी त्याला आतून चुना लावायला लावला, आता तो सगळी पक्ष्यांच्या पाठीवर ओततोय. आत्ताच्या आत्ता वरून चुना मारायला हवा."

पिंपात कालवलेला चुना उरलेला होता. नवरा शिडीकडे वळला, तोच आत्याबाई शिडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आनखी चुना? आदीच्यानं इतकं झालं तरी? न्हाई लावायचा माज्या शेडला!"

आता सर समजावत बसणार, आकृत्या काढणार, आणि दुपार होणार, अशी मला भीती वाटली. पण सर थेट पत्र्याकडे वळले. शिडीशेजारीच वळचणीपाशी पत्रा हाताला लागेल इतका खाली होता. तिथे त्यांनी डोक्याचा ओला टॉवेल सोडला आणि आतल्या बाजूचा तळहाताएवढा चुना खसाखसा पुसून काढला. पत्रा चमकला. टॉवेलाच्या पाण्याने तो गार झाला असेल, म्हणून थोडा वेळ थांबले. मग बंदूक आत्याबाईंच्या हातात दिली. "ताई, तुम्ही बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

आत्याबाईंनी चुन्यावर धरली. छप्पन्न. शेजारच्या चमकत्या जागेवर धरली. एक्केचाळीस. "बगा! चुना काडला तर गार झाला!" त्या विजयाने म्हणाल्या.

"आता हात लावा."

त्यांनी चमकत्या जागेला बोट लावलं आणि "आई गं!" करून मागे घेतलं. मग चुन्याला लावलं. तेही तसंच भाजलं. त्यांनी बंदुकीकडे बघितलं, बोटाकडे बघितलं.

"आता गाल जवळ न्या. लावू नका, नुसता जवळ."

शिडीला टेकलेली माझी सासू पदर सावरत, टाचा उंचावून पत्र्याजवळ गाल नेतेय, आणि मला अकरावीतला माझा लाल गाल आठवतोय! चुन्यापाशी त्यांनी तोंड फिरवलं. चमकत्या जागेपाशी थांबल्या. पुन्हा चुन्यापाशी. पुन्हा इकडे. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मला कळलं, की जिंकलो.

"म्हंजी ह्यो आतून तापून बी गप बसतोय व्हय," त्या म्हणाल्या. "आन् चुना सगळं ओकतोय."

"ओकू दे ना, ताई! पण आभाळाकडे ओकू दे! वरून लावला तर ऊनही परत पाठवेल!"

आत्याबाई शिडीपासून बाजूला झाल्या. नुसत्या झाल्या नाहीत, माझ्या नवऱ्यावरच खेकसल्या, "बगतो काय? चड की वर!"

मग जी धांदल उडाली! छपरावर पाय ठरत नव्हता, म्हणून ओली गोणपाटं टाकत नवरा आणि दोन गडी सरकत होते, कुंच्यांनी चुना फासत होते. मी आणि आत्याबाई बादल्या भरून वर देत होतो. सर शिडीवर चढायला निघाले तर आत्याबाईंनी त्यांचा शर्ट धरून खाली ओढलं, "मास्तर, तुमी खाली ऱ्हावा. तुमी आकडं सांगा." मग सर शेडमध्ये उभे राहून आकडे ओरडायला लागले. पन्नास! सेहेचाळीस! एक्केचाळीस! मी आनंदाने किंचाळले, तर आतून आवाज, "थांबा! हे पाण्याचं काम आहे, चुन्याचं नाही! चुना वाळू द्या, मग नाचा!" इतकी निकड, पण पाण्याचं श्रेय चुन्याला मिळू देईल तर तो माणूस कसला.

चुना वाळला. ओला असताना राखाडी दिसणारं छप्पर असं पांढरं झालं, की डोळे दिपले. ऊन आणखी चढलं. आकडा वर सरकला, आणि त्रेचाळीसला थांबला. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत उभे. दोनचं ऊन, बाहेर आग, आणि तो त्रेचाळीसच! मग आत्याबाईंनी माझा दंड दाबला आणि खाली बोट दाखवलं. एक पक्षी उठला, अंग झाडलं, चोच मिटली आणि खाद्याच्या भांड्याकडे चालायला लागला. त्याच्यामागे दुसरा. मी सरांच्या पाया पडायला वाकले, तर ते तिथे नव्हतेच. बाहेर म्हशीच्या पाठीवर बंदूक धरून कुणाला तरी काहीतरी सांगत होते.

काही पक्षी गेले, ते गेलेच. बाकीचे वाचले. बॅच संपली, गाडी भरून गेली, शेड रिकामं झालं. आत्याबाई त्या काळात काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायची छातीच होत नव्हती. दावणीची जागा मला रोज दिसायची.

सरांनी सांगून ठेवलं होतं, की आतला चुना भिंतींना ठेवा, पत्र्याचा मात्र खरवडून काढा. त्या दिवशी गडी शिडीवर चढून पत्रा घासत होता. मी खाली कोपरे झाडत होते. घासत घासत तो वळचणीपाशी आला, सरांनी पुसलेल्या जागेच्या शेजारी, तसा आत्याबाईंचा आवाज दारातून आला.

"ए, तेवडा चुना ऱ्हाऊ दे."

"का वो?" गड्याने विचारलं.

"का म्हंजी? समदाच काडला तर पत्रा पुन्ना खोटं बोलंल. पुडच्या बॅचला खरा आकडा कळाया नको?"

माझ्या हातातला खराटा खाली पडला. पुढच्या बॅचला! आत्याबाई तोवर पाठ फिरवून चालायलाही लागल्या होत्या. मी मोबाईल काढला, स्पीकर लावला, आणि सरांनी उचलल्या उचलल्या मी ओरडले, "सर! पुढची बॅच! आत्याबाई म्हणाल्या, पुढची बॅच!"

"ते चांगलंच झालं," सर म्हणाले. "पण तो चुना? सगळा काढला का? थोडा ठेवायचा असतो, ते मी तुला सांगायचं राहिलं..."

"ठेवलाय, सर! आत्याबाईंनीच ठेवायला लावला!"

सर या वेळी पुढच्या वाक्याकडे पळाले नाहीत. हळूच त्यांनी विचारलं, "केवढा?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी मागे येऊन मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि आपला हात पत्र्यावरच्या त्या चुन्याजवळ धरून बघितला.

"तळहाताएवडा हाय, सर," त्या म्हणाल्या.